हिवाळ्यातल्या उन्हाचा शब्द

धुळ्यात डिसेंबरच्या सकाळी ओट्यावर उन्हाला पाठ देऊन बसलो असताना, जुने इंग्रजी शब्द चाळता चाळता ‘ॲप्रिसिटी’ सापडला; अर्थ, हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. हेन्री कॉकरम यांच्या १६२३ च्या कोशात त्याची नोंद आहे, मूळ लॅटिन आहे आणि माझ्या मते इतका नेमका शब्द इंग्रजांनी वापरातून जाऊ द्यायला नको होता. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अशा कालबाह्य शब्दांपुढे कट्यारीची बारीक खूण छापतात. उद्यानंतरच्या दिवसासाठीचा ‘ओव्हरमॉरो’ही असाच मागे पडला, आपला ‘परवा’ मात्र मागचा आणि पुढचा असे दोन्ही दिवस एकटाच सांभाळतो, आणि त्यावरून आमच्या घरी अधूनमधून वादही होतात.