कागदी घोड्यांच्या गावातून

जर्मनीतल्या लाइपझिगमधल्या आमच्या फ्लॅटच्या पत्रपेटीवर चौघींची आडनावं चिकटवलेली आहेत. तिथे नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत घेऊन जातो, मग तुम्ही वेळेवर भाडं भरत असा नाहीतर त्याच घरात जन्मलेले असा. या महिन्यात माझ्या नावाने काय काय आलं सांगू? विमा कंपनीचं एक जाडजूड पत्र, त्यात एक पान घालायचं राहिलं म्हणून क्षमा मागणारं दुसरं पत्र, आणि बँकेच्या मोबाइल ॲपचा पिन. हो, ॲपचा पिन, पोस्टाने. युजर आयडी आधीच वेगळ्या पाकिटातून येऊन पडला होता. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात चुरमुरे-फुटाणे विकणारे काका क्यूआर कोड लावून बसतात, आणि युरोपातल्या सगळ्यात मोठ्या अर्थव्यवस्थेत कॉम्प्युटर सायन्स शिकणारी मी पोस्टमनवर डोळा ठेवून असते. परीक्षेत जावाचा कोडसुद्धा पेनने कागदावर लिहायचा. सेमिकोलन राहिला की गुण गेला.

इथल्या आपल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयावर रोज एक तरी विनोद पडतो. कोपऱ्यावरच्या बेकरीत ‘फक्त रोख’ची पाटी, फॅक्स मागणारा डॉक्टर, तीन महिन्यांनंतरची अपॉइंटमेंट देणारं सरकारी ऑफिस. खुद्द जर्मन संसदेत २०२४ सालापर्यंत फॅक्स चालू होते. विनोद खरे आहेत, मीही करते. पण इथे राहून माझं एक मत झालंय: या देशातला कागद दोन जातींचा आहे. एक निव्वळ आळसाचा. सोळा राज्यं, प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं, कुणी कुणाशी बोलत नाही, म्हणून प्रिंट काढा आणि सही करा. त्या कागदाबद्दल मला काडीचाही आदर नाही. दुसरा कागद मात्र जाणूनबुजून ठेवलेला आहे, आणि त्याच्यामागे मोठा इतिहास आहे.

गुगलने २०१० मध्ये इथे रस्त्यांचे फोटो काढले, तेव्हा सुमारे २ लाख ४४ हजार घरमालकांनी आणि भाडेकरूंनी ‘आमचं घर दाखवू नका’ असा अर्ज केला होता. पुढे कित्येक वर्षं जर्मन शहरांच्या त्या नकाशात मधली मधली घरं धूसर दिसायची. मला आधी हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसणारं घर, त्यात लपवायचं काय?

मग फ्लॅटमधली मैत्रीण मला रुंडे एके दाखवायला घेऊन गेली. गावाच्या रिंगरोडवरची ती गोलाकार कोपऱ्याची इमारत म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचं, श्टाझीचं, जिल्हा मुख्यालय. ९ ऑक्टोबर १९८९ ला राजवटीविरुद्ध निकोलाय चर्चपासून निघालेले सत्तर हजारांवर लोक याच रस्त्याने गेले, आणि ४ डिसेंबरला नागरिकांनी इमारत ताब्यात घेतली. आत आता संग्रहालय आहे. वाफेवर पाकिटं उघडून पुन्हा चिकटवायची यंत्रं, खोट्या मिशा, संशयितांचा वास कापडात टिपून ठेवलेल्या काचेच्या बरण्या. फायलींचा लगदा करायचं मशीनही आहे, शेवटच्या दिवसांत ते घाईघाईने वापरलं गेलं. १ कोटी ६० लाखांच्या देशात श्टाझीचे ९१ हजार पगारी नोकर होते आणि त्याच्या दुप्पट खबरे. खबरे म्हणजे शेजारी, सहकारी, कधीकधी नवरासुद्धा.

मैत्रिणीची आजी, ती तिला ओमा म्हणते म्हणून आम्हीही ओमाच म्हणतो, ग्रूनाऊमध्ये राहते. एकसारख्या काँक्रीटच्या इमारतींची, पूर्व जर्मनीच्या काळात उभी राहिलेली मोठी वसाहत आहे ती. १९९२ पासून इथे कुणालाही आपली श्टाझीची फाईल मागवून वाचता येते. ओमाने मागवलेली नाही. ‘माझ्या जिन्यात तीच माणसं राहतात, मला त्यांच्याशी अजून बोलायचं आहे,’ एवढंच ती म्हणते. त्या दिवशी प्लमचा केक पुढे करत तिने मला भारतातल्या ओळखपत्राबद्दल विचारलं. मी आधार समजावून सांगितलं: दहा बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांचा फोटो, बारा आकडी नंबर, सगळं एका ठिकाणी. ओमाने केकचा चमचा खाली ठेवला. ‘सगळ्यांचे? काही गुन्हा केलेला नसताना?’

मी म्हटलं, ओमा, त्यामुळे रेशन आणि पेन्शन थेट मिळतं, मधले लोक पैसे खात नाहीत. ती म्हणाली, आजचं सरकार चांगलं असेल, मी कुठे नाही म्हणते? उद्याचं कसं असेल ते तुला माहीत आहे का?

तिला काही मी पुरतं पटवू शकले नाही. तिचं म्हणणं अतिरेकी म्हणूनही मला सोडून देता येत नाही. जर्मन ओळखपत्रातही २०२१ पासून दोन बोटांचे ठसे घेतात, पण ते कार्डाच्या चिपमध्येच राहतात, कार्ड हातात दिलं की कार्यालयाने आपल्याकडची प्रत पुसायची. पश्चिम जर्मनीतही हीच धास्ती होती. तिथे १९८३ च्या जनगणनेवर लोकांनी बहिष्काराची हाक दिली, प्रकरण घटना न्यायालयात गेलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाने निकाल दिला की आपल्या माहितीचं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क माणसाचा स्वतःचा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं २०१७ मध्ये सांगितलं. तोवर शंभर कोटींहून जास्त आधार कार्डं काढून झाली होती.

आता निवडणुकीचं सांगते, कारण मी इथे पाहिलेली सगळ्यात भारी गोष्ट तीच. २३ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी संसदेचं मतदान होतं. मला अर्थातच मत नाही. पण इथे मतदान आणि मतमोजणी दोन्ही कुणीही जाऊन बघू शकतं, नागरिक असायची अटसुद्धा नाही. संध्याकाळी सहाला मतदान संपतं, त्याच्या जरा आधी मी मैत्रिणीबरोबर आमच्या भागातल्या शाळेत जाऊन भिंतीशी उभी राहिले. कुणी विचारलं नाही तू कोण, इथे का आलीस. टेबलामागे एक निवृत्त वाटणारे आजोबा, दोन-तीन कॉलेजची मुलं, स्वेटर विणत बसलेली एक बाई. हे मतदान अधिकारी. सरकारी नोकर असतीलच असं नाही, गावातलेच लोक स्वेच्छेने येतात आणि चहापाण्यापुरतं मानधन घेतात. दाराशी एकही पोलीस नव्हता. बोटाला शाई नाही, यादीतल्या नावापुढे खूण केली की झालं.

सहा वाजता दार लावलं नाही, फक्त मतदान थांबलं. पेटी टेबलावर उपडी केली. आधी नुसत्या मतपत्रिका मोजल्या आणि यादीतल्या खुणांशी आकडा जुळवला. मग ढीग लावले. इथे प्रत्येकाला दोन मतं असतात, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाला. दोन्ही एकाच पक्षाला दिलेल्यांचे ढीग वेगळे, फाटाफूट केलेल्यांचा वेगळा, शंकेच्या मतपत्रिकांचा वेगळा. कुणीतरी चौकटीत फुलीऐवजी हसरा चेहरा काढला होता, त्यावर सगळ्यांनी मिळून गंभीर चर्चा केली. ढीग मोठ्याने वाचले, दुसऱ्याने तपासले, आजोबांनी फोन करून आकडे कळवले. मशीन कुठेच नाही.

पूर्वी होती. २००५ च्या निवडणुकीत सुमारे वीस लाख जर्मन मतदारांनी यंत्रावर मत दिलं. एक भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांचे राज्यशास्त्रज्ञ वडील न्यायालयात गेले, आणि मार्च २००९ मध्ये घटना न्यायालयाने ती यंत्रं घटनाबाह्य ठरवली. यंत्रात घोटाळा झाला असं न्यायालय म्हणालं नाही. मतमोजणीचे महत्त्वाचे टप्पे कुठल्याही सामान्य नागरिकाला खास ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत, एवढंच म्हणालं. प्रोग्रॅमिंग शिकणारी मी हे वाचून जरा वरमले. मशीनचा कोड मला कदाचित समजेल, ओमाला कसा समजणार? आणि तिचं मत माझ्यापेक्षा कमी किमतीचं थोडंच आहे.

हे सगळं मी उत्साहाने बाबांना फोनवर सांगितलं. बाबा झेडपीचे शिक्षक, इलेक्शन ड्यूटी करून करून पिकलेले. ते म्हणाले, ‘अगं, तुम्हाला तिकडे सगळं सोपं आहे. आमच्या वेळेला कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा दोन-दोन दिवस मोजणी चालायची. बाद मतांवरून हाणामारी व्हायची. आणि केंद्रात दांडगाई करणारे लोक घुसले की दहा मिनिटांत गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारून पेटीत. मशीन मिनिटाला चारच मतं घेतं, हे विसरू नकोस.’ बाबांचा मुद्दा बिनतोड आहे. जर्मनीत सहा कोटी मतदार, आपल्याकडे २०२४ मध्ये सत्त्याण्णव कोटी.

तरीपण बाबांना मी मारकडवाडीची आठवण करून दिली. आमच्या शेजारच्या माळशिरस तालुक्यातलं गाव. विधानसभेच्या निकालानंतर, डिसेंबर २०२४ मध्ये, तिथल्या लोकांनी स्वतःच्या खर्चाने मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं, आणि प्रशासनाने जमावबंदी लावून ते होऊ दिलं नाही. गावकऱ्यांचा संशय खरा होता की खोटा, यात मी पडत नाही. पण शंका आलेल्या माणसाला भिंतीशी उभं राहून बघू देणं आणि त्याला कलम दाखवणं, यांतलं पहिलं स्वस्त पडतं असं माझं मत आहे. बाबा ‘हं’ म्हणाले आणि आईकडे फोन दिला. कागद म्हणजे रामबाण असंही नाही बरं का. इथल्या याच फेब्रुवारीच्या निवडणुकीत एक नवा पक्ष संसदेत जायला लागणाऱ्या पाच टक्के मतांच्या अटीला सुमारे साडेनऊ हजार मतांनी हुकला आणि त्याने फेरमोजणीसाठी आकाशपाताळ एक केलं.

त्या रात्री निकालांचा दुसरा आकडा मात्र मला झोंबला. परदेशी लोकांच्या येण्याविरुद्ध बोलणारा एएफडी पक्ष देशात २०.८ टक्क्यांवर आणि आमच्या सॅक्सनी राज्यात ३७ टक्क्यांच्या पुढे. लाइपझिग शहर त्यातल्या त्यात वेगळं, इथल्या एका मतदारसंघात डाव्या पक्षाचा उमेदवार निवडून आला. ट्राममध्ये मला कुणी काही म्हटलेलं नाही. पण आता ट्राममध्ये बसल्यावर मी डोकी मोजते, तीनातलं एक. आईला हे सांगितलेलं नाही. ती हे वाचेल, तेव्हा तिला कळेलच.

आणि इथेच ओमाचा प्रश्न माझ्याकडे वळला. जर्मन नागरिकांची अशी देशभराची एक नोंदवही नाही, त्यांच्या नोंदी गावोगावच्या कार्यालयांत विखुरलेल्या आहेत, आणि त्या तशाच राहाव्यात असं बऱ्याच जणांना वाटतं. परदेशी लोकांसाठी मात्र एक मध्यवर्ती नोंदवही आहे, १९५३ पासूनची. माझं नाव, फोटो, व्हिसा, मी केव्हा आले, सगळं त्यात. इतक्या काळजीने जपलेली भिंत आमच्यापाशी येऊन थांबते, आणि त्याबद्दल रस्त्यावर मोर्चे निघालेले मी पाहिले नाहीत. वर्गात हे बोलले तर दोघा-तिघांना ती नोंदवही असते हेच ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटर सायन्सचा वर्ग, बरं का.

त्यात काय लिहिलंय हे विचारायचा हक्क मला आहे. अर्ज इंटरनेटवर मिळतो. तो छापायचा, सही करायची, आणि पाकिटात घालून पाठवायचा. सोमवारी टाकलाय. उत्तर आलं की इथेच लिहीन, पण घाई करू नका.