कचरा कुठे टाकायचा?

"उची." एवढंच म्हणाला तो म्हातारा दुकानदार. मोबाइलवर भाषांतर उमटलं: घरी.

आम्ही चौघं जपानमध्ये, तोक्योच्या आसाकुसात, सेन्सोजी देवळाबाहेर. माझ्या हातात पुण्याहून नेलेल्या बाकरवडीचं रिकामं पाकीट. दीड तास कचऱ्याचा डबा शोधत होतो. पेयांच्या यंत्रापाशी एक दिसला, पण तो फक्त बाटल्या आणि कॅनसाठी. शेवटी त्या दुकानदारालाच विचारलं.

1995मध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन या विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक जागांवरचे बरेचसे डबे काढून टाकले, हे मला माहीत होतं. आपल्याकडे डबे काढले असते तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

रात्री हॉटेलवर चौघांनी खिसे उलटे केले. तिकिटं, टिश्यू, ओनिगिरीची, म्हणजे भाताच्या गोळ्यांची, वेष्टनं, ते बाकरवडीचं पाकीट. दिवसभराचा आपला कचरा असा समोर मांडलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. केवढा तो ढीग! मित्र म्हणाला, "एवढं आपण खाल्लं?"

परत येऊन आठ दिवस झाले. काल लक्ष्मी रोडवर चहाचा कागदी कप हातात घेऊन बराच वेळ चालत होतो. बायको म्हणाली, "टाक की आता!"

कुठे?