कौलातून उतरलेले ग्रहण

दुपारचे जेवण आटोपून पडवीत अंग टाकले की सारवलेल्या जमिनीवरचा कवडसा पाहत पडून राहण्याची मला जुनी खोड आहे. कौलाचा कोपरा फुटलेला असो किंवा दोन कौलांमध्ये वेडीवाकडी फट असो, भोक बारीक असले की खाली पडणारा कवडसा वाटोळाच असतो, कारण तो त्या फटीचा आकार नसून खुद्द सूर्याचे चित्र असते. फटीपासून जमिनीपर्यंत उन्हाने जितके अंतर कापले, त्याच्या साधारण १०८ वा भाग एवढी त्याची रुंदी. म्हणजे १५ फुटांवरून उतरलेला कवडसा दीड-पावणेदोन इंचांचा. ऊन तिरपे असेल तर तो थोडा लांबट होतो, इतकेच. परवा घर शाकारायला आलेल्या गड्याने ती फट बुजवू का म्हणून विचारले, तेव्हा मी नको म्हणालो. पावसात तिथे पातेले ठेवावे लागते हे खरे, पण ठेवतो.

१६ फेब्रुवारी १९८० च्या दुपारी कारवार-अंकोल्याकडे खग्रास सूर्यग्रहण होते आणि आमच्या देवगडात, इतक्या जवळ असूनही, खंडग्रास. घरात सकाळपासून पाण्याच्या हंड्यावर आणि लोणच्याच्या बरण्यांवर तुळशीची पाने पडली होती. काकीला दिवस गेले होते, त्यामुळे तिला विळीकडे पाहण्याचीही बंदी होती. मी खळ्यात डोकावलो मात्र, आजीचा आवाज आला, “खंय जातंस रे? गिराण सुटल्याशिवाय उंबरो ओलांडूचो नाय.” दारे-खिडक्या लावून आम्ही सगळे माजघरात बसलो. अडीचच्या सुमारास जमिनीवरचा कवडसा बाजूने झिजलेला दिसू लागला आणि साडेतीनपर्यंत त्याची कोर झाली. ते सगळ्यांत आधी आजीच्या लक्षात आले. तिने जपाची माळ मांडीवर ठेवून उजवा तळहात कवडशाखाली धरला. सुरकुत्यांवरून ती उजेडाची कोर सरकत होती, अंगठ्याच्या मुळाशी थोडी वाकत होती, आणि आम्ही पोरे तो हात हलू नये म्हणून श्वास रोखून बसलो होतो. “आता भायर जावन आणखी काय बघतलस?” असे ती वर म्हणाली. त्या दिवशी घराबाहेर न पडता, डोळ्यांना इजा न करता आणि धर्म न बुडवता ग्रहण पाहिलेली बाई म्हणून मला ती अजून आठवते.

खरे खग्रास पाहायला मी गेलो तो १९९५ च्या दिवाळीत. २४ ऑक्टोबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, ग्रहणाचा पट्टा राजस्थानातून आग्र्याच्या बाजूने पुढे जात होता, आणि सणासुदीला घर सोडून निघाल्याबद्दल ऐकायचे ते ऐकून आम्ही दोघे फत्तेपूर सिक्रीच्या रस्त्याला लागलो. कोकण रेल्वे तेव्हा पुरी झालेली नव्हती, त्यामुळे मुंबईपर्यंत रात्रभर एसटी. सोबती फोटो स्टुडिओवाला. तिपाई, लांब भिंग, ३६ फोटोंचा रोल, कागदावर लिहून आणलेले शटरचे आकडे, अशी त्याची जय्यत तयारी होती. सकाळी साडेआठच्या सुमारास उजेड पिवळट न होता शिशासारखा झाला, शेवटचा ठिणगीएवढा सूर्य हिऱ्याच्या अंगठीसारखा चमकला आणि विझला. त्या काळ्या बिंबाभोवती पसरलेल्या पांढऱ्या, विस्कटलेल्या प्रभेचे वर्णन करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. मिनिटभरसुद्धा न टिकलेल्या त्या खेळात माझा सोबती क्लिक करीत, शटर फिरवीत, पुन्हा क्लिक करीत राहिला, आणि ऊन परत आल्यावर कपाळावरचा घाम पुसत त्याने मला विचारले, “कसे होते रे?”

विजयदुर्गाच्या किल्ल्यावर गेलो की मला त्याचा हा प्रश्न हटकून आठवतो. तिथे ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि हेलियमचा शोध इथेच लागल्याचे अभिमानाने सांगतात. दरवर्षी १८ ऑगस्टला त्याचा दिवसही साजरा होतो. हा मान १८६८ च्या ग्रहणाचा आहे, आणि हेलियमच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडतात ते ‘साहेब’, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर, त्या वर्षी इंग्लंडातच होते, असे मी गावात बोललो की लोकांची तोंडे वाकडी होतात. परंतु २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला ते खरोखरच विजयदुर्गला आले होते, आणि मला तेवढे पुरेसे वाटते. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगामवाला घाटावर जेऊरला गेले होते. लॉकियरनी ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना हाताशी धरून आधी रंगीत तालमी घेतल्या होत्या: कोणी सेकंद मोजून पुकारायचे, कोणी प्रभेचे चित्र काढायचे, कोणी कॅमेऱ्यातल्या, फोटो उमटवायच्या काचा बदलायच्या. जेमतेम दोन मिनिटांचा कार्यक्रम. काचा बदलणाऱ्याने आकाशाकडे पाहिले असेल का? सातासमुद्रापलीकडून येऊन तो काळोख्या पेटीशी झटत होता आणि त्याच वेळी किल्ल्याखालच्या घरांत आमच्याकडच्या बायका दारे लावून बसल्या असतील. त्यांतल्या एखादीच्या कौलाला फट असली, तर तिने त्याच्यापेक्षा अधिक पाहिले, असे मी म्हणतो. शास्त्राला अर्थात त्या काचाच लागतात, तळहात चालत नाही.

सोबत्याचा आता २ ऑगस्ट २०२७ चा घोशा चालू आहे. इजिप्तमध्ये लक्झरला सहा मिनिटांहून अधिक खग्रास, आणि ढगांची जवळजवळ भीती नाही. आपल्याकडे त्या दिवशी दिव्यांची अवस, आणि खंडग्रास दिसायचे ते आषाढाच्या ढगांआड. या खेपेस कॅमेरा आपोआप चालवणारी सोय करणार आणि मी फक्त बघणार, असे तो म्हणतो. माझा विश्वास नाही. मला त्यापेक्षा २० मार्च २०३४ चे कारगिलकडचे खग्रास परवडण्याजोगे वाटते, परदेशाची भानगड नाही. फक्त मार्चचा तो आठवडा म्हणजे हापूसच्या पेट्या भरण्याची घाई, आणि कलमांवर तेव्हा माणूस कोण ठेवायचा, हे आजच सांगता येत नाही.