सायबेरियाचा वारा अंगावर घ्यायला तैवानला

आमच्या देवगडकडे वारा म्हणजे पावसाळ्याचा. ज्येष्ठात नैर्ऋत्येकडून सुटतो, होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, आणि नारळी पौर्णिमा होईस्तोवर दर्या खवळलेला. थंडीत मात्र समुद्र शहाण्यासारखा वागतो. तैवानच्या सामुद्रधुनीत हे सगळं उलटं असतं. तिथं खरा जोर हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्याला. तो बघायचाच म्हणून आम्ही दोघं मुद्दाम नोव्हेंबरच्या अखेरीला गेलो.

या वाऱ्याचं मूळ फार लांब आहे. हिवाळ्यात सायबेरिया आणि मंगोलियाची जमीन गोठते, तिच्यावरची हवा गार, जड होऊन साचत जाते. तिथल्या हवेचा दाब १०४० हेक्टोपास्कलच्या (दाब मोजायचं एकक) वर सहज जातो. १९६८ च्या ३१ डिसेंबरला सायबेरियातल्या अगाता इथं तर तो १०८३ च्याही पुढे गेला होता. हिवाळ्यातच पॅसिफिकच्या उत्तरेला, अल्यूशियन बेटांपाशी, दाब कमी असतो. साचलेली हवा मग बाहेर पडते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं वळत जाते. म्हणून जपान-कोरियात ती वायव्येकडून येते, पूर्व चीन समुद्रात उत्तरेकडून आणि तैवानला पोचेपर्यंत ईशान्येकडून. उन्हाळ्यात जमीन तापून दाब उतरतो, जास्त दाब पॅसिफिकवर जातो आणि वारा दक्षिणेकडून यायला लागतो. हाँगकाँगचा सरासरी दाब जानेवारीत १०२० च्या आसपास असतो, जुलै-ऑगस्टमध्ये १००५ च्या. फरक पंधराचाच, पण अख्ख्या किनाऱ्याचं वर्ष त्यावर फिरतं.

आपल्याला ही सायबेरियाची हवा भेटत नाही, कारण मध्ये तिबेटचं पठार आणि हिमालय उभा आहे. पूर्व आशियाच्या किनाऱ्यापुढे अशी भिंतच नाही.

पहिला मुक्काम शिंचूला. तैवानमध्ये याला वाऱ्याचं शहर म्हणतात. एका बाजूला तैवानचा मधला डोंगर (त्यातला युशान ३९५२ मीटर उंच), समोर चीनच्या फूच्यान प्रांतातले डोंगर, आणि वाऱ्याला वाट फक्त मधल्या चिंचोळ्या समुद्रातून. तिथं त्याचा वेग वाढतो. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी उबदार होतं, झुळूकही नव्हती. फोनमधला वायुभारमापक १०१४ दाखवत होता. रात्री कधीतरी खिडकीची चौकट थरथरायला लागली. सकाळी आकडा १०२१, अंगात स्वेटर, आणि रस्त्यावरच्या स्कूटरी सगळ्या एका बाजूला कललेल्या. थंड हवेची लाट नकाशावर पाहणं वेगळं आणि रातोरात ती आपल्या खोलीवर येऊन आदळणं वेगळं. मी त्या दिवशी दर तासाला आकडा टिपून ठेवला.

जवळच शिनपू गाव आहे, हाक्का या चिनी समाजाच्या लोकांचं. तिथं याच वाऱ्यावर पर्सिमॉन सुकवतात. अंगणभर बांबूच्या गोल थाळ्या, आणि त्यांत सोललेली केशरी फळं, देठाची टोपी तशीच ठेवलेली. काम करणाऱ्या आजींनी एक फळ हातात दिलं. वरून कातड्यासारखं चिवट, आत बोट दाबलं की मऊ. आठवडाभर तरी ती फळं अशी ठेवतात आणि मधूनमधून हातानं दाबून चपटी करतात. पाऊस आला किंवा वारा पडला तर बुरशी धरते, म्हणून ऊन एवढंच पुरत नाही, वारा कोरडा हवा. शिंचूच्या तांदळाच्या शेवयांबद्दलही तिथले लोक हेच सांगतात: तीन भाग उन्हानं, सात भाग वाऱ्यानं. वाऱ्याचा एवढा उघड मान मी आणखी कुठं पाहिला नाही.

पेंगहू बेटांवर मात्र हाच वारा मुळीच दयामाया दाखवत नाही. सामुद्रधुनीच्या मधोमध सपाट बेटं, आडोसा म्हणून डोंगर नाही. वाऱ्याबरोबर समुद्राचे तुषार येतात आणि मीठ पानांवर बसतं. चष्म्याची काच पुसली तरी पांढुरकी राहत होती. उघड्या जमिनीत भाजी होणं शक्यच नाही. म्हणून शेतकऱ्यांनी शेताचे खोलीएवढे तुकडे पाडले आणि प्रत्येकाभोवती पोवळ्याच्या दगडांची भिंत रचली, आपल्या कोकणातल्या गडग्यासारखी, चुना-मातीशिवाय. जवळ जाऊन पाहिलं तर दगडांत फटी आहेत. फटीतून थोडा वारा आत येतो, पण त्याचा जोर मोडलेला असतो. भिंत घट्ट बांधली तर तो वरून उडी मारून आत भोवऱ्यासारखा फिरतो. मी भिंतीच्या आत उकिडवी बसले आणि कानातला आवाज एकदम खाली आला. समोर कोबीचे गड्डे होते, भिंतीच्या उंचीखाली राखून वाढवलेले. यातले बरेच तुकडे आता पडीक आहेत, दगड ढासळलेत. ते बघून मला फार वाईट वाटलं. असं शहाणपण एकदा मोडलं की पुन्हा रचायला कोण येणार?

पेंगहूचा गर्दीचा हंगाम उन्हाळ्याचा. हिवाळ्यात बरीच हॉटेलं बंद असतात आणि वारा वाढला की बोटी रद्द होतात. जाणार असाल तर बोटीच्या भरवशावर राहू नका, विमानाचं तिकीट काढा, आणि परतीनंतर लगेच पुढचं काही ठरवू नका. जाड कपड्यांपेक्षा वारा अडवणारं जॅकेट न्या; तिथं पारा फारसा उतरत नाही, पण वाऱ्यात उभं राहवत नाही.