इंग्रजी शब्द वाक्यासकट शिकावा

मराठी माध्यमातून शिकून दादर-माटुंग्याच्या महाविद्यालयांत येणाऱ्या मुलांना व्याकरणापेक्षा इंग्रजी शब्दांची उणीव जास्त भासते, असे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. चांगले ते सगळे 'गुड', मोठे ते सगळे 'बिग'. मग फाउंटनच्या पदपथावरून शब्दसंग्रह वाढवण्याचे एखादे जुने पुस्तक आणले जाते आणि अवघड शब्दांच्या याद्या पाठ होऊ लागतात. ही मेहनत बरीचशी वाया जाते, कारण यादीत शब्द एकटा असतो आणि वापरात तो नेहमी ठरावीक शब्दांच्या संगतीत येतो.

'रॅम्पंट' हा शब्द घ्या. 'सर्वत्र पसरलेला' एवढ्या अर्थावर विसंबून विद्यार्थी 'रॅम्पंट हॅपिनेस' लिहून मोकळा होतो; इंग्रजीत मात्र 'रॅम्पंट'नंतर बहुधा भ्रष्टाचार, महागाई, सट्टेबाजी अशाच गोष्टी येतात. मराठीत भ्रष्टाचार बोकाळतो, सद्गुण बोकाळत नाहीत, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजीतली ही जाण वाचनानेच येते. म्हणून वहीत शब्द जिथे भेटला ते अख्खे वाक्य उतरवावे, त्याखाली आपल्या रोजच्या अनुभवातले एक वाक्य रचावे आणि चार-आठ दिवसांनी पान न उघडता ते आठवून पाहावे. डोंबिवलीहून दादरला येताना, बसायला जागा मिळाली तर, एक इंग्रजी अग्रलेख सहज वाचून होतो. त्यातले दोन शब्द असे टिपले तरी पुष्कळ झाले.

शब्दकोशही वापर दाखवणारा हवा. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह परभाषक विद्यार्थ्यांसाठी रचलेला कोश ऑक्सफर्डने १९४८ साली प्रसिद्ध केला. त्याच्या आजच्या आवृत्त्यांत अर्थाबरोबर उदाहरणाची वाक्येही असतात, आणि ती अर्थाइतक्याच लक्षपूर्वक वाचावीत.

सुरुवात कुठून करावी, हे ठरवण्यापुरती यादी हवी असेल, तर अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली मांडलेली ५७० शब्दकुलांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे म्हणजे एक शब्दकुल) यादी पाहावी. 'इंटरप्रेट', 'सिग्निफिकंट' यांसारखे अभ्यासविषयक लेखनात पुन्हा पुन्हा येणारे शब्द तीत आहेत. 'प्लेथोरा', 'मिरियड' यांसारख्या भारदस्त शब्दांची मुलांना वाटणारी ओढ मी समजू शकते, परंतु प्रकल्पाचा अहवाल लिहिताना यादीतल्या साध्या शब्दांवरची पकडच मला अधिक मोलाची वाटते.