वीतभर पेट्रोल पाइप

नागपुरात कॉटन मार्केटजवळच्या एका शटरमध्ये आम्ही फवारणी पंप दुरुस्त करायला बसलो, तेव्हा चेन सॉ महिन्यातून एखादी यायची. लोक तिला ‘झाड कापायची मशीन’च म्हणत. पंपांमुळे टू-स्ट्रोक इंजिनावर हात बसला होता, म्हणून आम्ही नाही म्हणत नव्हतो. मग लकडगंजातले लाकूडवाले यायला लागले, त्यांच्यामागून काटोल-नरखेडचे संत्रा बागायतदार. आज दोन शटरं आहेत, चार जण आहोत, आणि निम्म्याहून जास्त काम जुन्या चेन सॉचं आहे. हे वळण ज्या एका मशीनमुळे लागलं, तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

२०१९ चा उन्हाळा. काटोल-नरखेडकडे पाण्यावाचून संत्र्याच्या बागा उभ्या वाळल्या होत्या. लेकरासारखी वाढवलेली झाडं लोक स्वतःच्या हातानं कापत होते. त्यांतल्याच एका काकाजींनी महिन्याभरात तिसऱ्यांदा मशीन आणली. “तुमच्यापाशी चालते जी. वावरात नेली का बंद पडते.” त्याआधी दोनदा आम्ही कार्बोरेटर खोलला होता, डायफ्रामची किट बदलली होती, प्लग नवा टाकला होता आणि दोन्ही वेळा पैसे घेतले होते. दुकानात मशीन दुसऱ्या दोरीतच सुरू व्हायची. या वेळी ती सुरू झाली, थोडी चालली, मग आवाज एकदम चढला आणि इंजिन जाम झालं. सायलेन्सर काढून पाहिलं तर पिस्टनवर उभे ओरखडे.

दुकान बंद केल्यावर मी एकटाच ती मशीन घेऊन बसलो. टाकी रिकामी केली, वाकड्या तारेनं आतला फिल्टर बाहेर ओढला. फिल्टरला जोडलेली पेट्रोलची नळी वाळलेल्या तुराटीसारखी कडक झाली होती. फिल्टरपासून दोन बोटं वर, वाकवली की एक चीर तोंड उघडायची, सोडली की मिटायची. सरळ धरली तर दिसतच नव्हती.

मग सगळा उलगडा झाला. दुकानात आम्ही टाकी गळ्यापर्यंत भरून मशीन टेबलावर आडवी चालवायचो. चीर पेट्रोलात बुडालेली असायची, त्यामुळे नळी ओढायची ते पेट्रोलच. वावरात टाकी अर्धी झाली, फांदीसाठी मशीन तिरकी धरली, की चीर पेट्रोलाच्या वर यायची आणि नळी हवा ओढायची. चेन सॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलात मिसळलेलंच ते पिस्टनपर्यंत जातं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं आणि इंजिन तापून जाम होतं. नळी काही रुपयांची, आणि नुकसान सिलिंडर-पिस्टनचं.

नवा सिलिंडर-पिस्टन आम्ही आमच्या खर्चानं बसवला. हिशेब माझी बायको पाहते. आधीच्या दोन्ही वेळचे पैसेही परत द्यायचे, हे तिनंच ठरवलं.

तेव्हापासून आमच्याकडे जुनी चेन सॉ आली की कार्बोरेटरला हात लावण्याआधी पेट्रोल पाइप बाहेर निघतो. दुरुस्तीनंतर मशीन अर्ध्या टाकीवर, चारी बाजूंनी तिरकी धरून चालवून पाहतो. पाइप बदलणं दिसायला सोपं, पण हात घाईचा नको. टोक लांब तिरकं कापायचं, त्याला थोडं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल लावायचं, टाकीच्या भोकातून आत सरकवायचं आणि चिमट्यानं ओढून घ्यायचं. बाहेरचा व्यास भोकापेक्षा किंचित जास्त हवा, नाहीतर तिथूनच पेट्रोल पाझरतं. लांबी अशी, की फिल्टर टाकीच्या प्रत्येक कोपऱ्यात पोहोचावा पण पाइप दुमडू नये. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप कोणीही लावू नका. तो पेट्रोलात थोड्याच दिवसांत कडक होतो, आणि अशी मशीन पाहिली की मला खरंच राग येतो.

गेल्या काही वर्षांत हे काम वाढलंय. पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि जुन्या मशीनची रबरं त्याला धरून बनलेली नाहीत. काही फुगतात, काही कडक होऊन चिरतात. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. त्यात आपल्याकडचं काम हंगामी. संत्र्याच्या तोडणीनंतर सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढायला मशीन लागते, मग ती महिनोन्‌महिने टिनाच्या शेडमध्ये पडून राहते, आणि मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो. म्हणून प्रत्येकाला सांगतो: ठेवताना टाकी रिकामी करा, मग मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पेट्रोल-ऑइलचं मिश्रण लागेल तेवढंच बनवा. मशीनवर ५०:१ लिहिलं असेल तर लिटरमागे २० मिली ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर अंबाझरी भागातून पाण्यात बुडालेल्या मशीनही आल्या. जेवढ्या वाचल्या तेवढ्या वाचवल्या.

सध्या आमचं सगळं लक्ष ग्रोमेटवर आहे. कित्येक जुन्या मॉडेलना टाकीच्या भोकात बसणारं रबरी बूच आणि पाइप एकत्रच येत असे, आणि तो भाग आता मिळत नाही. चांगलं इंजिन अशा एका बुचापायी भंगारात जाताना मला बघवत नाही. हिंगण्याच्या एका रबर कारखान्याकडून नमुने बनवून घेतोय. पहिला आठ दिवस पेट्रोलात ठेवला तर इतका फुगला की भोकात शिरेना. दुसरा टिकला, पण टणक होता, पाइप धरेना. तिसऱ्याची कड बसवतानाच फाटली. सावनेरहून येणाऱ्या आमच्या पोरानं मोजमाप नव्यानं घेऊन कड अर्धा मिलिमीटर जाड करायला सांगितली. चौथा नमुना सोमवारपासून बाटलीत बुडवलेला आहे, पंपावरच्याच पेट्रोलात. येत्या मंगळवारी बाहेर काढून मोजणार.