समर टाइम रेंडरिंगचा लूप-नकाशा : तेराव्या खंडाने भिंत खाल्ली

‘समर टाइम रेंडरिंग’ या तेरा खंडांच्या जपानी चित्रकथेत (मांगात) नायक पुन्हा पुन्हा त्याच दिवसांत परततो; हे फेरे, म्हणजे लूप, मी घरच्या भिंतीवर नकाशा करून मांडते आहे. गेल्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिले होते की बारा खंड नकाशावर चढले आहेत, आता फक्त तेरावा राहिला आहे आणि गणपतीच्या आत भिंत पूर्ण होईल. तो तोरा रविवारी दुपारी उतरला. शेवटचा खंड मांडीवर आणि पट्टी हातात घेऊन बसले, तेव्हा लक्षात आले की माझ्या नकाशात या कथेच्या शेवटाला जागाच नाही.

मापे आपल्याला ठाऊकच आहेत : एका तासाला दोन सेंटीमीटर, म्हणजे २२ ते २४ जुलै २०१८ या तीन दिवसांची पट्टी १४४ सेंटीमीटरची. हितोगाशिमा बेटावरच्या त्या बहात्तर तासांवर प्रत्येक लूपसाठी ओएचपी शीटची एक पारदर्शक पट्टी चढते आणि सगळ्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या की कथानायक शिनपेई कुठे मेला, कुठे जागा झाला आणि मधल्या काळात त्याचे सोबती मिओ, हिझुरु किंवा सोऊ कुठे होते, हे एका नजरेत दिसते. शिनपेई अडचणीत आला की स्वतःला ‘फुकान’ करायला बजावतो, म्हणजे वर जाऊन घारीसारखे खाली बघायला. माझा सगळा खटाटोप त्या एका शब्दासाठी आहे.

आधी जे जमले ते सांगते. परतबिंदूचा जिना जमला. शिनपेई मेला की मागे जातो खरा, पण दर वेळी त्याच क्षणी परतत नाही. पहिल्यांदा तो बेटाकडे निघालेल्या बोटीत जागा होतो आणि पुढे पुढे ती बोट हाताबाहेर जाते. परतबिंदू पुढे सरकला की त्याच्या अलीकडे जे घडले ते कायमचे घडलेले राहते. हे मी आधी बाणांनी दाखवत होते आणि सगळा गोतावळा होत होता. आता प्रत्येक पट्टी परतबिंदूपाशी कात्रीने कापली आहे, त्यामुळे डाव्या कडेला आपोआप पायऱ्या तयार झाल्या आणि हातातले तास कसे आटत जातात हे न लिहिता कळू लागले. मंगळवारी रात्री हा जिना पहिल्यांदा नीट दिसला तेव्हा मी दिवा घालवून टॉर्चच्या उजेडात तो पुन्हा पाहिला, हेही कबूल करते.

ज्या मार्करच्या वेष्टनावर ‘कायमस्वरूपी’ असे छापलेले असते, त्यावर पावसाळ्यात विश्वास ठेवू नका. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या संचातला निळा रंग दमट हवेत बोट लागताच पुसला गेला आणि शिनपेईच्या बालमैत्रिणीची, उशिओची, आख्खी एक संध्याकाळ माझ्या मनगटावर आली. काळा मात्र टिकला. आता रेषा काळ्या शाईची आणि रंगासाठी मागून चिकटवलेला पतंगी कागद, अशी तडजोड केली आहे.

आता मुख्य दुखणे. शेवटच्या टप्प्यात कथा त्या तीन दिवसांतून बाहेर पडते आणि माणसांची हुबेहूब नक्कल करून त्यांना मारणाऱ्या सावल्यांचे मूळ उपटण्यासाठी तीनशे वर्षे मागे जाते. माझ्या मापाने तीनशे वर्षांची पट्टी किती लांब होईल, हे मी उगाच मोजून पाहिले, तर उत्तर साडेबावन्न किलोमीटरच्या वर आले. म्हणजे पुण्यातल्या माझ्या भिंतीवरून निघालेली पट्टी शिरवळ ओलांडून जाणार.

पहिला उपाय म्हणून इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये लांब दांडा मधून तोडून दाखवतात तशी नागमोडी रेघ मारून मधला काळ गाळला, पण त्यामुळे तीन शतके म्हणजे जुलैच्या २१ तारखेची रात्र असावी, असे दिसू लागले. मग लॉगरिदमिक माप लावले, म्हणजे काळ जितका जुना तितका तो आखडत जाणारे. त्यात जुना काळ आटोपशीर बसला. मात्र २२ जुलैचे तास आणि २४ जुलैच्या उत्सवाच्या रात्रीचे तास वेगवेगळ्या लांबीचे झाले आणि जिना मोडला. तिसरा उपाय वेगळ्या कागदाचा होता. तो कागद भिंतीवर लावून पाहिला तेव्हा शेवट हा मूळ कथेचा भाग न राहता परिशिष्ट वाटू लागला, आणि या शेवटावर आपल्यापैकी अनेकांचा नेमका हाच आक्षेप आहे.

इथे माझे मत लिहूनच टाकते. २३ ऑक्टोबर २०१७ ते १ फेब्रुवारी २०२१ या काळात शोनेन जंप प्लस या जपानी मांगा-संकेतस्थळावर चाललेल्या या १३९ प्रकरणांच्या कथेचा शेवट कल्पनेत भित्रा नाही. सावल्या मुळातच नसलेले जग घडवायचे, म्हणजे मेलेल्या उशिओची नक्कल असलेल्या ज्या सावली-उशिओने हे सारे दिवस शिनपेईच्या बरोबरीने लढून काढले, तिलाही त्यात पुसायचे. आणि त्या बदल्यात जी जिवंत उशिओ मिळते, तिच्यासोबत हे दिवस घडलेलेच नसतात. प्रेमकथेला याहून अवघड पेच क्वचितच सापडेल. पण लेखक-चित्रकार तानाका यासुकी यांनी जिथे थांबायला हवे होते, तिथे नवे नियम समजावण्यात पाने जातात. एरवी एका जिन्यावरून खाली उतरायला आठ पॅनल देणारा हा माणूस निरोपाच्या वेळी धावत सुटतो. प्रसंग चुकलेला नाही; त्याला श्वास मिळालेला नाही.

हे लिहिता लिहिता एक सुचले आहे. घाई दाखवायची असेल तर माप तासांचे ठेवून कसे चालेल? आडवा अक्ष पानांचा घेतला तर? एका पानाला एक मिलिमीटर, खंडाला साधारण दोनशे पाने धरली तर तेरा खंडांचे अडीच-पावणेतीन मीटर होतात आणि माझी भिंत तीन मीटरची आहे. तास उभ्या अक्षावर जातील. म्हणजे सुरुवातीचा एकेक दिवस भिंतीवर ऐसपैस पसरेल आणि तीन शतके उजव्या टोकाला बोटभर रुंदीत कोंबलेली दिसतील. नागमोडी तोड तिथेही लागेल, पण ती उभ्या दिशेने, एकदाच, थेट तळाशी पडणारी, आणि ती तशी दिसायलाच हवी. जिना मात्र सगळा पुन्हा कापावा लागेल. दोन महिन्यांचे काम आहे, पण एकदा ही मांडणी डोळ्यांसमोर आल्यावर जुनी भिंत बघवत नाही.

लाल दोऱ्याचा प्रश्नही यातच सुटेलसे वाटते. शिनपेई आणि उशिओ यांच्या सामाईक आठवणी दाखवणारा दोरा शेवटच्या जगात न्यायचा की तोडायचा, यावर आपण मागे बराच वाद घातला होता आणि मी तोडण्याच्या बाजूने होते. आता शिनपेईकडे उरणारी ती स्वप्नासारखी पुसट जाणीव पाहता तोडणे मला खोटे वाटते. दोरा शेवटच्या पट्टीच्या मागून नेईन : समोरून दिसणार नाही, पण पतंगी कागदावर उजेड पडला की त्याची रेघ उमटेल. टॉर्चने करून पाहिले; साधा शिवणाचा दोरा उमटत नाही, गोधडीचा जाड दोरा उमटतो.

बुधवारपासून पहिल्या खंडाची पाने मोजायला घेते. एक मीटर रुंदीचा ट्रेसिंग पेपरचा रोल सुटा, मीटरवर कुठे मिळतो हे कोणाला ठाऊक असेल तर कळवावे. मी विचारले त्या दुकानदाराला आख्खा रोलच गळ्यात मारायचा होता.